उधाणाला जाणारं नेट

ही गोष्ट कोणाला पटायची नाही. आजवर जिथे जिथे सांगितली तिथून माणसं उठून गेली. एक जण तर चालत्या एसटीतून उतरला. तारापूरच्या एका मास्तरांनी सगळी शांतपणे ऐकून घेतली, शेवटी फक्त पाणी मागितलं आणि पुन्हा कधी त्या नाक्यावर दिसले नाहीत. तरी गोष्ट खरी आहे. खोटी असती तर जास्त नीट रचली असती. भागी, ती मासळीची पाटी खाली ठेव. एसटी अजून बोईसरहून निघालीही नसेल.

तर दांडी गावात कमलाकांत नावाचा एक माणूस.

"हां, असंल कोनीतरी," भागी म्हणाली. "पुढं?"

कमलाकांताचे गुडघे गेले तशी होडी पुतण्याकडे गेली आणि कमलाकांत ओट्यावर आला. हात रिकामे झाले, पण डोळे रिकामे बसेनात. त्याच्या डोक्यात एक कायदा पक्का होता: जगात काहीही बिघडलं तर ते आपोआप बिघडत नाही, त्याच्यामागे माणूस असतो. जाळं फाटलं? शेजारच्या होडीनं फाडलं. दूध नासलं? गवळ्यानं आधीच नासवून आणलं. एकदा त्याला स्वतःला शिंक आली तर त्यानं मागे वळून पाहिलं, कोण आहे म्हणून. त्याची बायको पुष्पलता म्हणायची, "या मानसाला वरती नेला ना, तर देवाला पन इचारील, मागच्या दारानं कोन येतंय?"

त्याचा एकुलता एक मुलगा केतन. शिकला, कॉम्प्युटरमध्ये गेला, बंगळुरूच्या कंपनीत लागला आणि काम मात्र दांडीच्या घरात बसून करू लागला. कामही कसलं? लोकांच्या कॉम्प्युटरची दुखणी लांबूनच काढायची. कोणाचं नेट चालत नाही, कोणाचा पडदा काळा झाला, कोणाचा प्रिंटर रुसला. केतन इथून विचारायचा, "वायर नीट बसली आहे का? बंद करून पुन्हा चालू केलंत का?" आणि तिकडे कुठेतरी चेन्नईत, कोलकात्यात माणसं खूश. कमलाकांताला त्याचा मोठा गर्व. मुलगा घरात बसून देशभरचा भगत-वैद्य होतो आणि दुपारी आईच्या हातचं कालवण जेवतो, याहून माणसाला काय पाहिजे? केतनची बायको हिना पालघरची. तीही घरात रुळली होती. चौघांचं घर भरलेलं होतं.

नेट आलं ते भर पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या तेव्हा. बोईसरचा अंकुश फायबरची वायर घेऊन आला. त्यानं रस्त्याच्या खांबापासून घरापर्यंत वायर ओढली, आत एक पांढरा डबा भिंतीला लावला आणि सांगितलं, "देखो काका, हिरवा दिवा म्हणजे सगळं बराबर. लाल लागला तर मला फोन."

पावसाळाभर दिवा हिरवा. पोपटाला लाज वाटावी असा हिरवा.

दसरा झाला, कोजागिरी आली आणि भर सकाळी दिवा लाल झाला.

केतन तेव्हा कोणा गिऱ्हाइकाला समजावत होता, "घाबरू नका सर, तुमचं नेट मी आत्ता..." आणि त्याचं स्वतःचंच नेट गेलं. त्यानं डबा बंद करून चालू केला. लाल. डब्यातून कॉम्प्युटरला जाणारी वायर बदलली. लाल. मोबाइलचं नेट लावून बघितलं, तर दांडीत मोबाइलला रेंज मिळवायला माणसाला माडावर चढावं लागतं. संध्याकाळी अंकुश आला, त्यानं दार ओलांडलं आणि दिवा हिरवा झाला.

"चालू तो है काका."

"सकालपास्नं बंद होता," कमलाकांत म्हणाला.

"मेरे सामने तो चालू है."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लाल. संध्याकाळी अंकुश आला, हिरवा. असं चार-पाच दिवस चाललं, मग आपोआप थांबलं. आठवडाभर सगळं सुरळीत. दिवाळीच्या अमावास्येला पुन्हा तेच. त्रिपुरी पौर्णिमेला पुन्हा.

आता सांगा, सकाळी दुखणं आणि वैद्य दारात आला की बरं. याला काय म्हणायचं? कमलाकांतानं जे म्हणायचं ते म्हटलं: हा अंकुशच वायर बंद करतो. याच्या खिशात बटण आहे. बोईसरहून दाबतो, दारात आला की सोडतो. म्हणजे आपण त्याला बोलवत राहायचं आणि तो येत राहणार.

पुढच्या खेपेला अंकुश आला तेव्हा कमलाकांतानं त्याला चहा दिला आणि चहा पिताना त्याचे खिसे वरून चाचपले.

"क्या कर रहे हो काका?"

"मुंगी होती."

खिशात पेचकस, चिकटपट्टी आणि अर्धा वडापाव. बटण नाही. कमलाकांताचा संशय आणखी वाढला. ज्याच्याकडे बटण सापडत नाही त्यानं ते जास्त हुशारीनं लपवलेलं असतं.

अंकुशही हैराण झाला होता. तो म्हणाला, "लाइन तो ठीक है. तुमच्या कॉम्प्युटरमध्येच कायतरी असेल." त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला. समुद्राकाठचं घर, आत लोखंडाला गंज, पंख्यावर मिठाचा थर. त्यानं आतली छोटी पट्टी काढून खोडरबरानं घासली, फुंकर मारली, पंख्याची जाळी उचलली आणि "बाप रे!" म्हणत मागं सरला. जाळीमागे एक चिंबोरी, म्हणजे खेकडीच, बसली होती. चांगली हातभर नांगीची. पंख्याच्या वाऱ्यात डोळे मिटून निवांत.

"काय तरी!" भागी म्हणाली. "कॉम्प्युटरात चिंबोरी?"

मग काय वकील बसणार? दांडीच्या घरात उघडं भोक दिसलं की चिंबोरी शिरते, यात नवल ते काय? नवल पुढे आहे. अंकुशनं पंखा बंद केला तर तिनं नांगीनं पुन्हा चालू केला. इतकी सवय झालेली. पुष्पलतानं तिचा रस्सा केला आणि त्या रश्शाला किंचित उकडलेल्या वायरचा वास होता, तेवढं सोडलं तर झकास. पण नेटला काही फरक पडला नाही. पुढच्या सकाळी दिवा पुन्हा लाल.

आता ही थट्टा राहिली नव्हती. बंगळुरूच्या साहेबांनी केतनला सांगितलं होतं की जो दुसऱ्याचं नेट दुरुस्त करतो त्याचंच नेट जातं, हे कंपनीला शोभत नाही. एकदा मोठी मीटिंग होईल, वरचे सगळे असतील, त्यात केतननं स्वतःचं काम मांडायचं. त्या मीटिंगमध्ये नेट गेलं तर दांडी सोडायची आणि नेट धड असेल अशा शहरात जाऊन राहायचं. नाहीतर नोकरी सोडायची.

केतन जेवताना खाली मान घालून म्हणाला, "बाबा, पालघरला एक ब्लॉक बघून ठेवलाय. तसं झालंच तर."

कमलाकांताच्या घशात काटा अडकला. कालवण वांग्याचं होतं.

"मंग आमी दोगं?"

"तुमी पन चला."

"पालघरला? मी? तिसऱ्या मजल्यावर? भरती आली का ओहोटी, ते लिफ्टवाल्याला इचारू?"

पुष्पलतानं केतनच्या ताटात भात वाढला, त्याला नको असताना. त्या दिवसापासून कमलाकांताला झोप नाही. मुलगा जातो म्हणजे काय, हे त्यानं गावात पाहिलं होतं. आधी मुलगा जातो, मग मुलाचा पंखा जातो, मग खाट जाते आणि मग त्या खोलीत जाळी रचतात. आपल्या घरात जाळी रचायची नसतील तर चोर पकडलाच पाहिजे, आणि मीटिंगच्या आत.

दुसरा संशय खंडेरावावर. हा शेजारी. मूळचा कराडकडचा, तारापूरच्या कारखान्यात उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर गावी जायच्या ऐवजी दांडीत भाड्यानं राहिला. का? समुद्र आवडतो म्हणे. समुद्र आवडणारा घाटावरचा माणूस आणि मासे आवडणारं मांजर, दोघांपैकी मांजर निदान प्रामाणिक असतं, असं कमलाकांताचं मत. हा खंडेराव दिवसभर ओट्यावर मोबाइलवर कुस्त्या बघतो. एवढ्या कुस्त्या बघायला नेट कुठून येतं? आपल्याच भिंतीतून झिरपत असणार.

कमलाकांतानं केतनकडून पासवर्ड बदलून घेतला. नवा पासवर्ड असा ठेवायला लावला की तो टाइप करताना स्वतः केतनच दोनदा चुकला. मग कमलाकांत शेजारच्या खिडकीखाली उकिडवा बसला. आतून कुस्तीचा समालोचक ओरडत होता. "धोबीपछाड! धोबीपछाड!"

खिडकीतून खंडेरावाचं डोकं बाहेर आलं. "कमलाकांतराव? काय हारवलंय का?"

"कोंबडी."

"तुमच्याकडं कोंबडी कुटंय?"

"म्हनूनच हुडकतोय."

खंडेराव हसला, बाहेर आला, बाजूला उकिडवा बसला. "आवं, मला सरळ इचारा की. मी तुमचं नेट न्हाई वापरत. पोरानं मला कुस्त्या भरून कार्ड घालून दिलंय, ही बगा." त्यानं मोबाइल उघडून दाखवला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पर तुमाला एक सांगतो. तुमचं नेट अमावास्या-पुनवंलाच कसं जातंय? ध्यानात आलं का? कायतरी लागलंय त्या डब्याला. लिंबू-मिरची बांधतो मी, ऐका माजं."

कमलाकांत घरी परतला तो संशयाचं ओझं दुप्पट घेऊन. अमावास्या-पौर्णिमा याला पाठ कशी? लिंबू बांधायला हा एवढा उतावीळ का? त्यानं खंडेरावाला लिंबू बांधू दिलं नाही, पण खंडेरावानं दिलेलं लिंबू घरात सरबताला वापरलं, आणि सरबत पिताना आधी पुष्पलताला एक घोट घ्यायला लावला.

तिसरा संशय यायला नको होता. पण संशय कोणाला विचारून येतो? हिना पालघरची. ब्लॉकही पालघरला. हिनाच्या आईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आणि हिना परवा फोनवर म्हणत होती, "आमच्याकडे नेट कधी जातच नाही गं." आमच्याकडे! लग्नाला तीन वर्षं होत आली आणि 'आमच्याकडे' अजून पालघरच.

कमलाकांतानं ठरवलं, बघायचं. केतन सकाळी आंघोळीला गेला की हिना त्या खोलीत जाते. का जाते? खोलीच्या कोपऱ्यात जुन्या जाळ्यांचा ढीग होता. कमलाकांत त्या ढिगात शिरला. जन्मभर माशाला जाळ्यात घालणारा माणूस स्वतः जाळ्यात बसला, तेव्हा त्याला पहिल्यांदा माशाचं म्हणणं पटलं. नाकाला सुतळी घासत होती, पायात मुंग्या, आणि बटण शोधणारे डोळे भोकांतून बाहेर.

हिना आली. पांढऱ्या डब्यापाशी गेली. मागून वायर चाचपली. कमलाकांतानं श्वास रोखला. तिनं डबा बंद केला.

"सापडली!" कमलाकांत ओरडला आणि उठला. पण जाळं त्याच्याबरोबर उठलं नाही. तो ढिगासकट आडवा झाला.

हिनानं किंचाळी मारली नाही. ती वळली, जाळ्यात गुंतलेल्या सासऱ्याकडे पाहून म्हणाली, "दिवा लाल होता बाबा. तो आंघोळीहून यायच्या आत बंद करून चालू करून बघते रोज. लाल दिवा बघितला की तो नाश्ताही टाकून उठतो."

कमलाकांत जाळ्यातून बोट बाहेर काढून म्हणाला, "मी... जालं दुरुस्त करत होतो."

"तुम्ही माझ्यावर नजर ठेवत होता."

ती त्याला सोडवायला बसली. एकेक गाठ तिनं नखानं सोडवली. शेवटची गाठ सुटली तेव्हा म्हणाली, "मला पालघरला जायचं असतं ना बाबा, तर मी तसं सांगितलं असतं. वायरी कशाला उपटू?" आणि स्वयंपाकघरात गेली. पुष्पलतानं तिचं तोंड पाहिलं, कमलाकांताच्या अंगावरचं जाळं पाहिलं आणि त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

मग तो दिवस आला. मोठ्या मीटिंगचा. आणि तो कोणता असावा? अमावास्या.

केतननं इस्त्रीचा शर्ट घातला. खाली लुंगीच होती, पण शर्ट कडक. कॉम्प्युटर चकचकीत, पडदा पुसलेला, दिवा हिरवा. बंगळुरूची माणसं एकेक करून पडद्यावर येऊन बसत होती, लग्नात वरबाप येतात तशी. कमलाकांत दाराच्या चौकटीला टेकून उभा. आणि केतननं "गुड मॉर्निंग" म्हणायच्या आधी दिवा हिरव्याचा लाल झाला.

केतन खुर्चीत मागे टेकला. त्यानं कोणाला दोष दिला नाही, हेच वाईट. फक्त मोबाइल घेऊन रेंज शोधत माडाकडे पळाला, साहेबांना एक फोन तरी लागतोय का बघायला. हिना डबा बंद-चालू करत बसली.

कमलाकांत मागच्या दारी आला. पुढे समुद्र होता. उधाणाचं पाणी सकाळपासून चढत होतं, आणि किनाऱ्याला होड्या भरून लागल्या होत्या. डोलकराचं गणित सगळ्या दांडीला पाठ असतं: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, उधाणाला पाण्याची ओढ जोरात, ओढीला डोल जाळं फुगतं आणि बोंबील भरभरून येतो. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी मंद, जाळं रिकामं. कमलाकांतानं हे गणित जन्मभर केलं होतं. आज त्यानं त्याच्यापुढे नेट मांडलं.

कोजागिरी, उधाण, नेट गेलं. अष्टमीला भांग, नेट आलं. दिवाळीची अमावास्या, उधाण, गेलं. पावसाळाभर होड्या बंद, नेट एकदाही गेलं नाही.

"आयला," तो मोठ्यानं म्हणाला. "नेट दर्याला बांधलंय."

आणि तो वळला तेव्हा त्याला वलांडी दिसली. वलांडी म्हणजे बोंबील वाळवायला बांबू रोवून उभारलेला मांडव; आडव्या दोऱ्या बांधायच्या आणि बोंबलांच्या जोड्या, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, त्यावर टांगायच्या. कमलाकांताच्या घराची वलांडी आज नुसती लवलवत होती. पुष्पलता पहाटेपासून लावत होती. ओले, मऊ, पाण्यानं टपटपणारे बोंबील. दांडीच्या माणसाला वलांडीवर बोंबील दिसतात, त्यांच्याखालची दोरी कोणी बघत नाही. तीनशे वर्षांत कोणी बघितली नसेल. कमलाकांतानं बघितली.

सगळ्या दोऱ्या निळ्या. सगळ्यात वरची एक काळी.

ती काळी दोरी रस्त्याच्या खांबापासून निघून, बांबूंच्या डोक्यांवरून, सरळ त्याच्या घराच्या भिंतीतल्या भोकात शिरत होती. बोंबलांच्या वजनानं ती मधोमध इतकी खाली आली होती की बांबूपाशी तिची पार घडी पडली होती.

"पुष्पा!"

पुष्पलता पाटीतून जोडी उचलत होती. "काय?"

"ही कसली दोरी?"

"चांगली दोरी हाय. गुळगुळीत. पानी पीत नाय, कावला बसत नाय. यंदा बोंबील जास्त, दोऱ्या कमी पडल्या. ही आपली रिकामीच होती."

"अगो, ती नेटची वायर हाय!"

"मला म्हाईत हाय," पुष्पलता शांतपणे म्हणाली. "मीच त्या अंकुशला सांगितली बांबूवरनं न्यायला. नवा खांब कशाला पाहिजे? पन वायर आत चालते ना, मी बाहेर टांगते. बोंबील काय आत शिरतात?"

कमलाकांतानं कपाळाला हात लावला. अंकुश नव्हता, खंडेराव नव्हता, हिना नव्हती. दोन महिने तो गावभर चोर शोधत होता आणि चोर रोज त्याला जेवायला वाढत होता. संध्याकाळी अंकुश येईपर्यंत बोंबलांचं पाणी गळून जायचं, ते हलके व्हायचे, वायर वर उचलली जायची आणि दिवा हिरवा व्हायचा!

"काढ ते! आत्ताच्या आत्ता!"

"येवढे शेकड्यानं लावलेले काढायला दुपार होईल. आनि खाली वालूत टाकू? त्यापेक्षा तू वर उचल ना वायर. हात हायत ना?"

खरंच होतं. कमलाकांतानं होडीचं वल्हं आणलं, वायरच्या पोटाखाली लावलं आणि वर रेटलं. बोंबलांचं पाणी त्याच्या डोक्यावर, मानेवर, सदऱ्यात. खिडकीतून हिना ओरडली, "हिरवा झाला! बाबा, हिरवा!" वल्हं इंचभर खाली आलं. "लाल!" वर. "हिरवा!"

केतन धावत आला आणि खुर्चीत बसला. मीटिंग सुरू झाली. आता खिडकीत ओरडता येईना. बंगळुरूला ऐकू गेलं असतं. मग हिनानं दोन कापडं घेतली, एक आपली लाल ओढणी आणि एक हिरवं लुगडं, आणि रेल्वेच्या गार्डासारखी ती खिडकीतून दाखवू लागली. लाल दिसलं की कमलाकांत वल्हं वर, हिरवं दिसलं की तिथेच. काल ज्या सुनेवर जाळ्यातून नजर ठेवली होती, आज त्याच सुनेच्या हातावर त्याची नजर खिळली होती. वल्हं डुगडुगायला लागलं तसा खंडेराव कुस्ती सोडून आला, त्यानं दुसरं वल्हं लावलं आणि म्हणाला, "आसं धरा. खांद्यावर घ्या. पैलवानाला उचलत्यात तसं." कमलाकांतानं त्याच्याकडे एकदाच संशयानं पाहिलं, पण वायर दोघांच्या वल्ह्यांवर असल्यामुळे तो संशय जमिनीवर ठेवावा लागला.

आणि मग जे झालं ते खरं नवल. फायबरच्या वायरीत वीज नसते, उजेड असतो, हे अंकुशनं सांगितलं होतं. ओला बोंबील हा आरपार दिसणारा मासा. वायर ताणली गेली तसा तो उजेड एका जोडीतून दुसऱ्या जोडीत, एका पोटातून दुसऱ्या पोटात पाझरत गेला. भर उन्हात वलांडी दिवाळीच्या माळेसारखी झगमगली. हिरवे बोंबील, निळे बोंबील. आणि नेटला असा वेग आला की बंगळुरूचे साहेब प्रश्न विचारायच्या आधी केतनच्या पडद्यावर उत्तर येऊन बसलं. एक मोठे साहेब मध्येच थांबले, त्यांनी नाक वर केलं आणि इंग्रजीत विचारलं, "कोणाकडे बोंबील तळताहेत का?" तळत नव्हते. नुसते टांगले होते. वास वायरीतून पोचला होता, नऊशे किलोमीटर.

भागी पाटीवर हनुवटी टेकून ऐकत होती.

मीटिंग संपली. साहेबांनी केतनची पाठ थोपटली; थोपटल्याचा आवाज इथवर आला. ते म्हणाले, "तुमचं नेट आमच्या ऑफिसापेक्षा चांगलं आहे. तुम्ही तिथून हलू नका." केतन बाहेर आला, बापाच्या डोक्यावरचा बोंबील काढला आणि म्हणाला, "बाबा, तो ब्लॉक नको आता." हिनानं पाणी आणून दिलं. कमलाकांत म्हणाला, "पोरी, चुकलो." ती म्हणाली, "वल्हं खाली ठेवा आता." पुष्पलतानं दुसऱ्या दिवशी अंकुशला बोलावून वायर भिंतीकडनं न्यायला लावली आणि त्याच्याकडून एक निळी दोरीही मागून घेतली. तेव्हापासून केतन तिथेच आहे. हिना तिथेच आहे. आजही रात्री चौघं एका पंगतीला बसतात, पुष्पलता नको म्हणताना भात वाढते आणि त्या खोलीत केतनची खुर्ची...

"काका," भागी म्हणाली, "चिंबोरीनं पंका चालू केला, तो मी मानला. बोंबलाच्या पोटात दिवे लागले, ते पन मानले. पन चौघं कुठनं बसतात हो पंगतीला? केतन तर पालघरला ऱ्हाते. परवा रयवारी त्याच्या ब्लॉकच्या पूजेला आमी सगली जेवून नाय आलो? आनि दारात, लोकांच्या चपला कोन नेतंय का बगत, तुमीच तर उबे होते ना, कमलाकांतकाका?"